घशाचं यमक

त्याला सगळं गाव घसा म्हणतं. आईबापांनी ठेवलेलं नाव आहे की, नाही कशाला. पण हाक मारताना ते कुणाच्या तोंडी येत नाही. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी, हातात फडक्यात गुंडाळलेला माईक आणि माईकमागे हा गडी. उद्या पाणी येणार नाही, घसा सांगणार. चपलांचा सेल लागला, घसा सांगणार. कुणाचं पोर हरवलं, कुणाचे आजोबा गेले, तेही घसाच सांगणार. पोर हरवल्याचं सांगताना त्याचा आवाज असा काही भिजायचा की पोराची आईसुद्धा रडायचं थांबून ऐकत राहायची. आणि पुढच्या चौकात त्याच गळ्यातून सेल! लोक हसायचे. मग तो म्हणायचा, "घसा भाड्याचा आहे बाबांनो. डोकं मी घरी ठेवून येतो."

हे वाक्य त्याला फार आवडायचं. निवडणुका आल्या की सकाळी एका पक्षाचा जयजयकार, दुपारी दुसऱ्याचा, मधे चहा. कुणी टोकलं तर वाक्य तयार. डोकं घरी ठेवणं पुढे त्याला कसं भोवलं तेच सांगायचंय, पण आधी घर कुठलं ते सांगायला हवं.

लहानपणी हा माणूस तोतरा होता. थोडाथोडका नव्हे. नाव विचारलं की असा अडकायचा की समोरचा कंटाळून पुढचं आपणच बोलून टाकायचा. आई लवकर गेली. बाप कामाला म्हणून गेला तो गेलाच. उरली ताई, याच्याहून बरीच मोठी, एका दवाखान्यात औषधं बांधून देणारी कंपाउंडर. तिने लग्न केलं नाही. भावासाठी केलं नाही बिचारीने, असं लोक म्हणायचे आणि ताई म्हणू द्यायची. सोयीचं होतं ते. खरं कारण बसमधून आलं.

खरं कारण म्हणजे मावशी. मावशी सिटी बसवर कंडक्टर. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणि आवाज असा की ड्रायव्हरला घंटी ऐकायची गरज पडू नये. ताई रोज तिच्याच बसने कामाला जायची. मग एक दिवस मावशी आपली ट्रंक घेऊन ताईच्या खोलीवर आली ती कायमचीच. लोक म्हणाले, मैत्रीण असेल. मग म्हणाले, लांबची मावसबहीण असेल. मग म्हणायचे थांबले. खोलीत दोन खाटा होत्या, त्यातली एक घशाची. हे गणित त्याला मोठा झाल्यावर सुटलं, पण उत्तर त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मावशीने त्याला नाव विचारलं. झालं, याचं ततपप सुरू. तिने मधेच तोंड घातलं नाही की दुसरीकडे बघितलंही नाही. तो पुरता थकल्यावर म्हणाली, "बोलू नकोस. पुकार."

"क… क… काय?"

"थांबे पुकार. बोलताना अडतं रे, पुकारताना नाही अडत. बाजारात कुठला भाजीवाला तोतरा ऐकलायस तू?"

त्याला स्टुलावर उभं केलं, हातात वरणाचा डाव दिला आणि स्वतः चिमटा घेऊन खाटेच्या लोखंडी दांडीवर ताल धरला. "जुनाऽऽ पूल! दवाखानाऽऽ! पाण्याची टाकीऽऽ!" एक टक म्हणजे थांब, दोन टक म्हणजे चल. ताई चुलीपाशी बसून प्रवासी व्हायची. "अहो कंडक्टर, शाळेशी थांबेल का हो?" हा गंभीर चेहऱ्याने, "थांबेऽऽल, पुढे सरका!" खोटं कशाला सांगू, त्या खोलीत जेवढं हसणं झालं तेवढं भल्या भल्या घरांत होत नाही. पुकारता पुकारता पोरगं वाचायला लागलं आणि वाचता वाचता बोलायला. पण सगळं तालावर. ताल सुटला की जीभ अजूनही अडते, म्हणून हा माणूस साधं बोलतच नाही. बायको म्हणते, "मीठ मागताय की सेल लावताय?"

आता एक जुनी गोष्ट. घशाच्या लग्नात फोटोवाला ओरडला, "घरचे घरचे या पुढे!" ताई आली. मावशीही निघाली होती, पण सासरकडच्या कुणीतरी विचारलं, "या कोण?" मग मावशीनेच सगळ्यांच्या पिशव्या उचलल्या आणि म्हणाली, "मी सामान बघते, तुम्ही उभे राहा." घशाने ऐकलं. जीभ अडली नव्हती, मुद्दाम सांगतो. त्याने ती हलवलीच नाही. तो फोटो ताईकडे खाटेलगतच्या भिंतीवर आहे आणि मावशी रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

असो. यंदाची निवडणूक आली. त्याच्या वॉर्डात पुढाऱ्याचा मेहुणा उभा राहिला आणि त्याच्यासमोर अपक्ष म्हणून बाजारातला शिंपी. शिंप्याला सगळे ओळखत होते. त्याच्या हातचा कोट अंगात घातला की बेंगरूळ माणूससुद्धा जावयासारखा दिसायचा. दुकानाच्या वर तो आणि चष्मेवाला कित्येक वर्षं एकत्र राहत होते, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कुणी ते भर सभेत बोलणं वेगळं. मागे चष्मेवाल्याचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा शिंप्याला इस्पितळात विचारलं, तुम्ही कोण? त्याने सांगितलं. आत सोडलं नाही. रात्रभर तो जिन्यात बसून होता. म्हणून तो निवडणुकीला उभा राहिला. भाषणात आधी तुंबलेल्या गटारांचं बोलायचा, मग शांतपणे म्हणायचा, "एका छपराखाली आयुष्य काढणाऱ्यांना एकमेकांचं माणूस म्हणा, एवढंच." आणि आश्चर्य म्हणजे लोक माना डोलावायला लागले.

मेहुण्याच्या प्रचारप्रमुखाने घशाला बोलावून कागद हातात दिला. त्यावर लिहिलेलं होतं, 'कुटुंबवत्सल उमेदवारालाच आपले अमूल्य मत द्या.' घशाने वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे ऐकून माणूस मत देईल का झोपेल हो?"

"मग तू कर की काहीतरी. एवढा शहाणा आहेस तर."

तिथेच माशी शिंकली. कारागिराला 'तूच कर' म्हटलं की त्याच्या अंगात येतं. घशाने चहाचा घोट घेतला, टेबलावर बोटांनी ताल धरला, टक टक, टक टक, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला:

"दोन पुरुष, एक चूल, सांगा कुठून येणार मूल?"

आणि जो हशा उठला! प्रचारप्रमुखाने पाठीवर थाप मारली. कुणी म्हणालं, पुन्हा म्हण. त्याने पुन्हा म्हटलं, आणखी रंगवून. लगेच रेकॉर्डिंग झालं. शिंप्याबद्दल त्याच्या मनात काही वाईट होतं का? छे! अंगावरचा कोट शिंप्याच्याच हातचा होता. त्याला फक्त यमक जुळल्याचा आनंद झाला होता. याचाच तर जास्त राग येतो. वैराने केलं असतं तर निदान वैर तरी होतं म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ते यमक गावभर झालं. मेहुण्याच्या सगळ्या रिक्षांवर वाजत होतं, लोकांच्या फोनमध्ये शिरलं होतं, पोरं दोरीवरच्या उड्या त्याच्यावर मारत होती. जेवताना बायकोने विचारलं, "अहो, ताईंकडे ऐकू गेलं असेल का हो?"

"ताईचा काय संबंध? ते तर पुरुषांचं आहे."

"हो का," बायको म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता वाढत राहिली.

त्यानंतर तो बरेच दिवस ताईकडे फिरकला नाही. फार काम आहे म्हणायचा. काम होतंच, पण तेवढं नव्हतं. शेवटी एका दुपारी मावशीच्या गुडघ्याचं तेल घेऊन गेला. निमित्त हवं ना काहीतरी! गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावली आणि पोरांचा कलकलाट कानावर आला. ताईच्या जिन्याच्या पायरीवर बसून, वर खिडकीकडे तोंड करून, पोरं टाळ्यांवर म्हणत होती:

"दोन बायका, एक चूल, सांगा कुठून येणार मूल?"

एवढासा बदल. पोरांनी यमक कुठेही मोडलं नव्हतं. "ए, चला, पळा इथून!" तो खेकसला. पोरं पांगली, पण दोन वेण्यांची एक मुलगी तिथेच उभी राहिली. "का ओरडता काका? तुमचंच तर आहे ते."

वर गेला. मावशी खिडकीशीच बसलेली. गुडघ्यांनी तिला आता खिडकी आणि खाट एवढंच जग ठेवलंय. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तेलाची बाटली ठेवली. मग मावशी म्हणाली, "आवाज चांगला लागला होता तुझा."

तो जमिनीकडे बघत राहिला.

"पण 'मूल'मधला ल खातोस तू अजून. शेवटचं अक्षर स्पष्ट टाकायचं. किती वेळा सांगितलंय तुला."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या, चिमटा फेकून मारला असता तरी त्याला बरं वाटलं असतं. ताईने घडी पूर्ण केली, ती कपाटात ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, "जेवून आलायस ना?"

त्या घरात हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला नव्हता. तिथे 'बस' म्हणायचे आणि समोर ताट यायचं. तो जेवला नव्हता. "हो," म्हणाला आणि जिना उतरला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे खूप बघितले असतील तुम्ही, पण याने भोंगा लावून मोजले होते. आणि ज्या मुलाबद्दल तो गावाला विचारत होता, ते मूल तोच होता की! दोन बायका, एक चूल, आणि त्या चुलीपाशी स्टुलावर उभं राहून थांबे पुकारणारं पोरगं. हे त्याला जिन्यात कळलं.

तिथून तडक प्रचारप्रमुखाकडे. "ते ब… बंद करा."

"काय बंद करा?"

"य… यमक."

प्रचारप्रमुख हसला. "अरे, लोकांच्या फोनमध्ये गेलंय ते. फोन काढून घेऊ का लोकांचे? आणि तूच म्हणतोस ना, घसा भाड्याचा आहे? भाडं दिलं. तुझं काम झालं, जा."

आपलंच वाक्य आपल्याच तोंडावर आपटलं की काय म्हणायचं? घसा तिथून शिंप्याकडे गेला. शिंपी कापड कापत होता, तोंडात टाचण्या. चष्मेवाला कोपऱ्यात बसून एका फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत होता. शिंप्याने एकेक टाचणी काढून बाहीला टोचली, आणि सगळ्या संपल्यावर बोलला.

"यमक तुझंच ना? मला वाटलंच. त्यांच्यातल्या कुणाला एवढं जमणार नाही."

"म… म… माफ…"

"याच्या दुकानात एक बाई मुलाला घेऊन आली होती परवा. पोराला शाळेत फळा दिसत नाही. याने नंबर काढायला काच लावली, तर ते पोरगं मजेत तुझं यमक म्हणायला लागलं. आई शरमली की घाबरली कोण जाणे, पोराला ओढत घेऊन गेली. अजून चष्मा झालेला नाही त्याचा." शिंप्याने कात्री उचलली. "माफीचं मी काय करू? शिवून देऊ तुला?"

चष्मेवाल्याने मान वर केली नाही. स्क्रू मात्र हातातून पडला आणि तो जमीन चाचपडत राहिला. घशालाही वाकून शोधावंसं वाटलं, पण हिंमत झाली नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी घशाने सगळी कामं नाकारली. रिक्षावरचे फलक काढले आणि सकाळीच ताईच्या गल्लीत येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी घरात येरझारा घालून त्याने तयारी केली होती. त्याच्यापाशी एकच हत्यार होतं, तेच त्याने परजलं. माईक चालू केला, फुंकर मारली, आणि गल्ली दणाणली:

"ऐका होऽऽ ऐका! दोन बायका, एक चूल, तिथेच वाढलं हे मूल! दोन बायका, एक चूल, तिथेच बोललं हे मूल!"

खिडक्या उघडल्या. दुकानदार बाहेर आले. आधी हसू, मग टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "वा रे घसा!" तो आणखी चढला. हात वर, मान तिरपी, तिसरी ओळ ओठांवर. तेवढ्यात वरून आवाज आला.

टक.

खिडकीच्या गजावर चिमट्याचा एकच ठोका. थांब.

त्याने वर बघितलं. मावशीचा हात गजावर होता, चेहरा सावलीत. टाळ्या चालूच होत्या, आणि त्या टाळ्या त्याला एकदम नको झाल्या. अरेरे, हेही तेच होतं की. तेच टेबल, तोच ताल, तीच पाठीवरची थाप. त्या दोघींना तो पुन्हा एकदा भोंग्यावर चढवून विकत होता, फक्त यावेळी दुसऱ्या बाजूने.

त्याने माईकचं बटण बंद केलं. भोंगे गप्प झाले. लोक थांबले, आता पुढची ओळ येणार म्हणून. तो रिक्षातून उतरला आणि नुसत्या तोंडाने, तालाशिवाय, पुकारण्याशिवाय बोलायला गेला. लहानपणापासून जे टाळलं तेच.

"ह्या द… द… दोघी… मा… मा… माझ्या…"

पुढचा शब्द येईना. शब्द साधाच होता, दोन अक्षरांचा. मावशीला त्याने तो कधी म्हटला नव्हता. मान ताठ झाली, डोळे मिटले, ओठ नुसतेच हलत राहिले. कुणीतरी खोकलं. एक पोर फिसकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. लग्नातल्या फोटोची आठवण त्याला तिथे आली आणि लाजेने जीव नकोसा झाला. कुणी त्याचं वाक्य पुरं करत नव्हतं. वरूनही नाही. मावशीने ते कधीच केलं नव्हतं.

"आ… आ… आई आहेत. द… दोघी. मी त्यांचा मु… मुलगा. ते यमक म… मी जुळवलं. शिं… शिंप्यावरचं. च… चुकलं माझं."

कुणी टाळी वाजवली नाही. यात ऐकण्यासारखं काय होतं? दुकानदार आत गेले. दोनचार जण अजून पुढची ओळ येईल म्हणून रेंगाळले आणि मग तेही गेले. दोन वेण्यांची मुलगी तेवढी त्याच्याकडे टक लावून बघत होती, नवंच काहीतरी बघितल्यासारखी.

घसा मान वर करून उभा राहिला. दोन ठोक्यांची वाट बघत होता तो. टक टक. चल. एवढं झालं की सगळं झालं, असं त्याला लहान मुलासारखं वाटत होतं. वर चिमटा गजाला टेकलेलाच होता. हलला नाही. मग ताई खिडकीत आली. डोळे पुसलेले दिसत होते, पण आवाज नेहमीचाच. "रिक्षा बाजूला घे. लोकांना जायला वाट नाही. आणि वर ये, ताट वाढलंय."

शिंपी पडला. पडायचाच होता असं काही जण म्हणतात, यमकामुळे पडला असं काही जण. घशाला कुणाचंच पटवून घ्यायचं नाही, आणि विचारायचंही नाही. इस्पितळाच्या जिन्यात अजून कुणी ना कुणी रात्रभर बसतंच असेल. यमक गावात आहेच. माफी कुणाच्या लक्षात राहिली नाही, तिला यमक नव्हतं ना! दोरीवर उड्या मारणारी पोरं त्याची रिक्षा दिसली की मधेच गप्प होतात आणि रिक्षा पुढे गेली की पुन्हा सुरू करतात. गप्प न होता समोरच म्हणाली असती तर बरं, असं त्याला वाटतं.

हल्ली तो प्रचाराची कामं घेत नाही. पाणी, सेल, हरवलेली पोरं, गेलेली माणसं, एवढंच. ताईकडे रोज जातो. त्या भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून जेवतो. मावशी त्याच्याशी बोलते, हवापाण्याचं, गुडघ्यांचं, त्याच्या मुलांचं. चिमटा तिच्या उशाशीच असतो. ताटावरून उठताना तो रोज तिच्या हाताकडे बघतो, आणि तिला कळतं तो का बघतोय. मग ती म्हणते, "हात धू आधी," आणि खिडकीबाहेर बघायला लागते.